लेकींच्या वाटेनें आलेली कला

जामात हा दशम ग्रह होय, ही विनोदोक्ति आपल्याकडील प्रत्येक मोठ्या कुटुंबांत केव्हां ना केव्हां ऐकूं येतेच. लेक परक्या घरची, तिच्याबरोबर घरांतील हुन्नर बाहेर जाईल, म्हणून धंद्याचें मर्म मुलास सांगावें व मुलीपासून झांकून ठेवावें, अशी समजूतहि जुन्या कारागीर घराण्यांत पुष्कळ ठिकाणीं आढळते. फ्रान्स देशांतील एका चित्रित मृत्पात्रांच्या कारखान्याचा इतिहास या दोन्ही समजुती खोट्या पाडणारा आहे. या कारखान्याचा वारसा आरंभींच्या शंभर वर्षांत तीन वेळां मुलीच्या हातून जावयाकडे गेला. त्यांतील दोन जावई फ्रान्सांतील दोन नामांकित कुंभनगरांतून आले होते, व त्यांनीं सासऱ्याच्या घरीं आपापल्या गांवची विद्या आणून रुजविली. त्यामुळेंच हा कारखाना तगला आणि त्याची कला श्रीमंत झाली. ही हकीकत मनोरंजक आहे तशीच विचार करावयास लावणारीहि आहे, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्रान्सच्या नकाशांत पश्चिमेकडे समुद्रांत शिरलेलें एक लांब टोंक दिसतें. तो ब्रिटनी प्रांत. तेथील लोकांची मूळ भाषा ब्रेटन. ती फ्रेंचची बहीण नव्हे, तर इंग्लंडच्या शेजारच्या वेल्श भाषेची नातलग आहे. या टोंकाच्या नैर्ऋत्येस कँपेर नांवाचें शहर आहे. ब्रेटन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘संगम’ असा आहे. कारण स्तेर नदी तेथें ओदे नदीस मिळते. शहराच्या खालच्या अंगास, ओदेच्या कांठीं, लोकमारिया नांवाची जुनी वस्ती आहे. नदीकांठची चिकणमाती, आसपासच्या रानांतील जळण, आणि भरतीच्या पाण्याबरोबर समुद्रांतून वर येणारीं गलबतें, या तीन गोष्टी जेथें एकत्र मिळतात तेथें कुंभाराचें चाक फिरावें यांत नवल नाहीं. लोकमारियेंत तें फार प्राचीन काळापासून फिरत होतें.

परंतु ज्या भांड्यांनीं कँपेरचें नांव जगभर झालें तीं साधीं मडकीं नव्हत. त्यांस फ्रेंच भाषेंत ‘फायांस’ म्हणतात. इटलींतील फाएन्झा शहर अशा भांड्यांबद्दल प्रसिद्ध होतें, त्यावरून हें नांव पडलें. आपण ज्यांना सरसकट चिनी मातीचीं भांडीं म्हणतों त्यांहून हीं निराळीं. खऱ्या चिनी मातीचें पात्र आंतबाहेर पांढरें असतें. पातळ असेल तर त्यांतून उजेडहि दिसतो. फायांसचें पात्र आंतून साध्या कुंभारमातीचें, पिवळसर किंवा तांबूस असतें. पांढरेपणा असतो तो केवळ वरच्या झिलईचा, आणि ती झिलई कथलाच्या योगानें होते. पितळेच्या भांड्यांस कथलाची कल्हई कशासाठीं लावतात हें गृहिणींस सांगावयास नको. त्याच कथलाचें भस्म शिसें व वाळू यांपासून होणाऱ्या कांचेंत मिसळलें, कीं ती पारदर्शक कांच दुधासारखी पांढरी होते व खालच्या मातीचा रंग झांकून टाकते. चीनहून येणाऱ्या शुभ्र भांड्यांची बरोबरी करण्याच्या हौसेनें ही युक्ति नवव्या शतकांत इराकमधील कुंभारांनीं काढली. तेथून ती अरबांबरोबर स्पेनमध्यें, पुढें इटलींत, आणि सोळाव्या शतकांत इटालियन कारागिरांबरोबर फ्रान्समध्यें गेली.

या कामांतील खरी कसोटी चित्र काढणाराची असते. भांडें घडवून, वाळवून, सुमारें १००० अंश उष्णतेवर एकदां भाजतात. मग तें झिलईच्या पांढऱ्या द्रवांत बुडवून काढतात. भाजलेली माती सच्छिद्र असल्यामुळें पाणी तत्काळ शोषलें जातें व अंगावर पिठासारखा कोरडा थर उरतो. चित्र काढावयाचें तें या कच्च्या पिठावर. कुंचला टेकला कीं रंग आंत गेला. पुसतां येत नाहीं, खोडतां येत नाहीं. आपल्याकडील पिठाच्या रांगोळींत चुकलेली रेघ निदान झाडून टाकतां तरी येते. येथें तीहि सोय नाहीं. म्हणून आराखड्यासाठीं कागदावर चित्र काढून त्याच्या रेघांवर सुईनें छिद्रें पाडतात, आणि तो कागद भांड्यावर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटतात. उमटलेल्या ठिपक्यांच्या आधारानें कुंचला चालतो. ठिपके पुढें भट्टींत जळून जातात. रंगहि मोजकेच, कारण झिलई वितळावयाच्या उष्णतेंत टिकणारे रंग थोडे: कोबाल्टचा निळा, मँगॅनीजचा जांभळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, आणि लोखंडापासून होणाऱ्या नारिंगी-तपकिरी छटा. दुसऱ्या भाजणींत झिलई व रंग एकजीव होतात, आणि मग तें चित्र दोनशें वर्षांनींहि फिकें पडत नाहीं.

सतराव्या शतकाच्या अखेरीस या भांड्यांस अनुकूल असा काळ आला. लढायांच्या खर्चानें खजिना रिकामा झाल्यामुळें फ्रान्सचा राजा लुई चौदावा यानें १६८९ सालीं व्हर्सायच्या राजवाड्यांतील चांदीचें सामान वितळविलें. १७०९ सालीं पुन्हां तीच पाळी आली. तेव्हां सरदार-दरकदारांनीं आपलीं चांदीचीं ताटें टांकसाळींत धाडलीं, आणि जेवणाच्या मेजावर फायांस मांडलें. जें पूर्वीं मध्यम स्थितींतील गृहस्थाचें भांडें होतें तें थोरामोठ्यांच्या घरीं गेलें, आणि ठिकठिकाणीं नव्या भट्ट्या पेटूं लागल्या.

याच सुमारास, परंपरेप्रमाणें १६९० सालीं, जां-बातिस्त बूस्के नांवाचा कारागीर दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतांतून निघून फ्रान्सच्या या दुसऱ्या टोंकास आला व लोकमारियेंत स्थायिक झाला. भूमध्य समुद्राच्या कांठची उन्हाळी चित्रकला त्यानें या पावसाळी, धुकट प्रदेशांत आणली. १७०८ पासून त्याचा पुत्र प्येर बूस्के याचें नांव कारखान्याच्या इतिहासांत ठळकपणें दिसूं लागतें.

येथून पुढें कथेस वळण लागतें. प्येर बूस्केच्या मुलीचा विवाह १७३१ सालीं प्येर बेल्व्हो या कारागिराशीं झाला. हा जावई नव्हेर शहराचा. नव्हेर म्हणजे फ्रेंच फायांसचें एक आद्यपीठच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन घराण्यांतील तेथील ड्यूकच्या आश्रयानें इटालियन कुंभार तेथें येऊन राहिले होते. अठराव्या शतकांत नव्हेरची खासियत म्हणजे लोकांच्या आवडीचीं ठळक चित्रें. ज्याच्यासाठीं ताट करावयाचें त्याच्या नांवाच्या संताची आकृति मध्यें रेखाटून खालीं त्या गृहस्थाचें नांव व साल घालण्याची तेथें चाल होती. बेल्व्होबरोबर नव्हेरचें हें वळण कँपेरला आलें.

बेल्व्होची मुलगी, म्हणजे बूस्केची नात, हिचा विवाह १७४९ सालीं प्येर-क्लेमां कोसी याच्याशीं झाला. हा रूआं शहराचा. रूआंच्या भांड्यांचा थाट निराळाच. ताटाच्या कडेपासून मध्याकडे झुकणारी, लेसच्या विणकामासारखी निळी नक्षी. आणि फुलांनीं ओसंडणारें, पक्षी व फुलपांखरें भोंवतीं खेळविणारें समृद्धीचें शिंग, हीं रूआंचीं प्रसिद्ध वळणें. कोसीनें तीं आणलीं, आणि कँपेरचा कारखाना ब्रिटनींतील अग्रगण्य कारखान्यांत गणला जाऊं लागला. पुढें कोसीच्या मुलीनें १७७१ सालीं आंत्वान द ला यूबोद्येर या गृहस्थाशीं विवाह केला. हा तिसरा जावई कुंभार नव्हता. रस्ते व पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यांतील इंजिनियर होता. १७८२ पासून कारखान्याचा कारभार त्याच्याकडे आला.

याप्रमाणें संगम नांवाच्या गांवीं तीन निरनिराळ्या प्रांतांच्या कलांचा संगम झाला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. नवा कर्ता आला म्हणून जुन्या वळणावर बोळा फिरविण्यांत आला नाहीं. दक्षिणेचें मोकळें फूल, नव्हेरची साधी आकृति व रूआंची नक्षी, हीं एकाच छपराखालीं नांदलीं, आणि कालांतरानें त्यांच्या मिश्रणांतून कँपेरचें स्वतःचें असें वळण तयार झालें. आपण याला घराण्याचें संस्कार म्हणतों. बाहेरून आलेल्या माणसाला घरानें सामावून घ्यावें व त्यानेंहि घरांत भर घालावी, ही गोष्ट बोलावयास सोपी आहे. ती पिढ्यान् पिढ्या साधणें किती कठीण, हें आमच्या वाचकांना आम्ही सांगितलें पाहिजे असें नाहीं.

मात्र याच वेळीं बाहेर वादळ जमत होतें. इंग्लंडांत जोसाय्या वेजवुडप्रभृति कारखानदारांनीं फिक्या सायीच्या रंगाचीं, हलकीं, कणखर व स्वस्त भांडीं काढलीं होतीं. फायांसची झिलई धक्का लागला कीं टवका उडून खालची माती दाखवी. इंग्रजी भांड्यांस ती खोड नव्हती. १७८६ च्या इंग्रज-फ्रेंच व्यापारी तहानें या मालावरील जकात उतरली आणि तो फ्रान्सच्या बाजारांत लोटला. त्यापाठोपाठ १७८९ ची राज्यक्रांति आली. गिऱ्हाइकी करणारे सरदार परागंदा झाले. एकामागून एक भट्ट्या विझल्या. कँपेरच्या घरावर तर याहूनहि मोठा घाला आला. १७९४ सालीं क्रांतीच्या यादवींत आंत्वान द ला यूबोद्येर मारला गेला.

अशा वेळीं कारखाना बंद झाला असता तर कोणी दोष दिला नसता. पण कोसीची ती मुलगी, आतां विधवा झालेली, हिनें कारखाना चालूं ठेवला. तिच्या पित्याच्या वेळचें नाजूक काम त्या काळांत खपण्यासारखें नव्हतें. तेव्हां थाटाच्या ताटांचा आग्रह सुटला, आणि आसपासच्या शेतकऱ्या-कोळ्यांना रोज लागणारे वाडगे, थाळ्या व चंबू, थोड्या फुलापानांचें चित्र काढलेले, स्वस्त, असे होऊं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील कँपेरचा माल संग्रहालयाच्या दृष्टीनें फारसा मोलाचा नाहीं. परंतु त्या साध्या मालानेंच भट्टी पेटती ठेवली. पुष्कळदां कलेचे इतिहासकार वैभवाच्या काळाविषयीं लिहितात, आणि कला जिवंत ठेवणारा हा निस्तेज काळ दोन ओळींत आटोपतात. तो न्याय नव्हे.

पुढचें वळण आगगाडीनें आणलें. १८६३ सालीं लोहमार्ग कँपेरपर्यंत आला, आणि त्याबरोबर प्रवासी आले. त्यांना ब्रिटनींतील सारेंच नवल वाटे: पुरुषांच्या घोळदार विजारी व रुंद कडांच्या टोप्या, बायकांचीं गांवागणिक बदलणारीं लेसचीं शिरोभूषणें, देवतांच्या जत्रा, वाद्यें, नाच. थोड्याच वर्षांत चित्रकारहि येऊं लागले. पॉल गोगँ १८८६ सालीं जेथें प्रथम जाऊन राहिला तें पाँत-आव्हां गांव कँपेरपासून फार लांब नाहीं. या प्रवाशांना घरीं नेण्यासाठीं कांहीं तरी हवें होतें, आणि लोकमारियेंत आतां तीन कारखाने होते. ला यूबोद्येरचा तो थोरला. बाकीचे दोन अठराव्या शतकाच्या अखेरीस एलूरी व द्युमेन या नांवांच्या गृहस्थांनीं काढलेले. एलूरीचा कारखाना पुढें पोर्किये घराण्याकडे गेला, आणि द्युमेनचा आंरियो घराण्याकडे.

पोर्कियेच्या कारखान्यास आल्फ्रेद बो नांवाचा गुणी सहकारी मिळाला. हा मोर्ले गांवचा चित्रकार व छायाचित्रकार. ब्रेटन जीवनावर लिहिणारा प्रसिद्ध लेखक एमील सूव्हेस्त्र याचा जावई. पहा, येथेंहि जावईच! १८७० नंतरच्या दशकांत त्यानें ब्रेटन शेतकरी, विवाह, बाजार व दंतकथा यांचीं चित्रें ताटांवर उतरविलीं. पुढें तो कँपेरच्या चित्रसंग्रहालयाचा व्यवस्थापकहि झाला. त्याचें काम सावकाशीचें व महागाचें. पण त्याच विषयाचें सोपें रूप इतर कारागिरांच्या हातीं तयार झालें: ताटाच्या मध्यें टोपीवाला ब्रेटन पुरुष किंवा शिरोभूषण घातलेली स्त्री, दोहों बाजूंस फुलांचे झुपके, कडेला निळी-पिवळी वलयें. फुलाची पाकळी रेखून भरावयाची नाहीं. रंगानें भरलेला कुंचला एकदांच टेकवून उचलावयाचा, कीं पाकळी झाली. वलयासाठीं भांडें फिरत्या चकतीवर ठेवून कुंचला स्थिर धरावयाचा. हा ‘छोटा ब्रेटन’ कँपेरची ओळख होऊन बसला. हें काम करणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी असे. पिढ्यान् पिढ्या लोकमारियेच्या मुली आईच्या किंवा मावशीच्या शेजारीं बसून पाकळी टेकावयास शिकल्या.

या यशाची एक दुसरी बाजूहि आहे. ज्या काळांत ताटांवरचा ब्रेटन शेतकरी दूरदूरच्या घरीं जाऊन पोंचला, त्याच काळांत खऱ्या ब्रेटन मुलाला शाळेंत आपल्या भाषेंत बोलण्याची चोरी होती. ब्रेटन शब्द तोंडून निघाला तर त्याच्या गळ्यांत लांकडी खडावेसारखी एखादी वस्तु अडकवीत, आणि दुसऱ्या अपराध्याला पकडून देईपर्यंत ती त्याला मिरवावी लागे. वेष आवडता आणि भाषा नावडती, असा हा प्रकार. चित्रांतला ब्रेटन सदा हंसरा व स्वच्छ. त्याच्या दारिद्र्याचा व पोटासाठीं पॅरिसला जाणाऱ्या त्याच्या मुलींचा त्या ताटांत मागमूस नाहीं. परप्रांतीय गिऱ्हाइकाच्या आवडीसाठीं आपलेंच चित्र काढूं लागलें म्हणजे त्यांत गोडवा वाढतो व सत्य उणावतें. कँपेरच्या कित्येक ताटांविषयीं हा आक्षेप योग्यच आहे.

पण तो आक्षेप ब्रिटनींतील तरुण कलावंतांनीं स्वतःच घेतला, हें त्या प्रांताला भूषणावह आहे. १९२३ सालीं ‘सात बंधु’ या अर्थाच्या ब्रेटन नांवाचें एक कलामंडळ निघालें. रने-ईव्ह क्रेस्तों हा त्यांतला प्रमुख. ब्रेटन कला म्हणजे जुन्या वेषाची बाहुली नव्हे, ती आजच्या जीवनाची असली पाहिजे, असें या मंडळाचें म्हणणें. क्रेस्तोंसारख्या कलावंतांनीं कँपेरच्या कारखान्यांसाठीं काम केलें. माथ्युरँ मेऊ हा समुद्र, मासे व कोळी यांचा जाणता चित्रकार आंरियोच्या कारखान्याशीं जोडला गेला. थोरला कारखाना १९१७ सालीं जूल व्हेर्लैंग यानें विकत घेतला होता. त्यानें ओदे नदीवरून ‘ओदेत्ता’ हें नांव देऊन गडद रंगांचीं, आधुनिक घडणीचीं दगडी मातीचीं भांडीं काढलीं. १९२५ च्या पॅरिस येथील शोभाकलांच्या प्रदर्शनांत ब्रिटनीचें हें नवें रूप लोकांनीं पाहिलें.

कारखान्यांमधील स्पर्धा मात्र चुरशीची होती. थोरल्या कारखान्याची खूण होती ‘एच्-बी’. आंरियो आपल्या मालावर ‘एच्-आर्’ घालीत. दोहोंत गिऱ्हाइकाची फसगत होते असा वाद न्यायालयांत गेला, आणि १९२२ पासून आंरियोंना आपलें पूर्ण नांव लिहावें लागलें. तत्पूर्वींच, १९१३ सालीं, त्यांनीं बंद पडलेल्या पोर्किये कारखान्याचे नमुने विकत घेतले होते. पुढें काळानेंच ही स्पर्धा मिटविली. यंत्रानें छापलेल्या स्वस्त भांड्यांपुढें हातानें रंगविलेलें ताट परवडेना. १९६८ सालीं ते दोन्ही प्रतिस्पर्धी एक झाले. १९८३ सालीं या जोडकारखान्याचेंहि दिवाळें निघालें, आणि दुसऱ्या वर्षीं तो कँपेरचीं भांडीं अमेरिकेंत विकणाऱ्या एका व्यापारी दांपत्यानें घेतला. गिऱ्हाइकानेंच दुकान वांचविल्याचें हें दुर्मिळ उदाहरण होय. १९९१ सालीं लोकमारियेंत, पूर्वीं जेथें पोर्कियेंचा कारखाना होता त्या वास्तूंत, या भांड्यांचें संग्रहालय उघडलें. २०११ सालीं कारखान्यावर पुन्हां दिवाळखोरीचा प्रसंग आला व मालक पुन्हां बदलला.

कँपेरच्या सर्व मालांत आम्हांस विशेष आपलासा वाटतो तो दोन कानांचा वाडगा. सकाळच्या दुधासाठीं किंवा कॉफीसाठीं तो वापरतात, आणि त्यावर घरांतील ज्याचें त्याचें नांव कुंचल्यानें लिहिलेलें असतें. लग्नांत आलेल्या भांड्यांवर नांव घालण्याची आपली चाल यापासून फार दूरची नाहीं. सरदारांच्या ताटांपासून सुरू झालेली ही कला अखेर एखाद्या लहान मुलाच्या न्याहरीच्या वाडग्यावर येऊन थांबली, यांत तिची अधोगति झाली असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि आतां त्या जुन्या खुणेकडे पुन्हां पाहूं. ‘एच्’ म्हणजे यूबोद्येर व ‘बी’ म्हणजे बूस्के, असा तिचा अर्थ सांगतात. पहिला सासरा आणि शेवटचा जावई, एवढींच दोन अक्षरें भांड्याच्या तळाशीं उमटलीं. त्या दोन अक्षरांच्या मध्यें बूस्केची मुलगी आहे, तिची मुलगी आहे, आणि यादवींत पति गमावल्यावरहि भट्टी विझूं न देणारी तिची नात आहे. त्यांचें नांव कोणत्याहि ताटावर नाहीं. परंतु त्या तिघी नसत्या, तर त्या दोन अक्षरांना एकमेकांशेजारीं बसण्याचें कांहींच कारण नव्हतें.